हात वर

परवा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. यजमान गेल्यापासून वर्षातून एकदा मी जिवंत आहे हे तिथं जाऊन दाखवावं लागतं. गर्दी मरणाची. काउंटरवरचा पोरगा ओरडला, "कुणाकुणाचा अंगठा राहिलाय? हात वर!" आणि माझे दोन्ही हात सरळ छताकडे गेले. कोपरं ताठ, पंजे उघडे, बोटं फाकलेली. काखेतली पिशवी खाली पडली आणि शेपूची जुडी बाहेर आली.

"आज्जी, एकच हात पुरे," तो म्हणाला. "दरोडा न्हाई पडला अजून."

सगळी रांग हसली. मीही हसले. पण हात खाली आणायला मला जरा वेळच लागला. ते माझे नसावेत, दुसऱ्या कुणीतरी 'आता आण' म्हणायची वाट पाहत असावेत, असं वाटलं. ज्यांनी म्हणायला पाहिजे होतं ते मठपती सर गेल्या उन्हाळ्यात गेले.

सर उदगीरकडचे. आमच्या लातूरच्या मुलींच्या शाळेत पीटीचे शिक्षक म्हणून आले तेव्हा चोवीस-पंचवीसचे असतील. काटकुळे, काळेसावळे. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असायचे, दुपारपर्यंत घामानं जेमतेम एक उरायचा. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पळताना हलू नये म्हणून ती बनियनमध्ये खोचून वर रुमाल बांधायचे. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. थांबवायचं असलं की कानडीत 'साकू' म्हणायचे, म्हणजे पुरे. एवढ्या हळू म्हणायचे, की ऐकू येण्यासाठी आम्हाला आधीच थांबावं लागायचं.

शाळेत बास्केटबॉलचा खांब त्यांनीच रोवून घेतला, आणि खेळाडू निवडायचं साधन म्हणूनही तोच खांब वापरला. सगळ्या मुलींना पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली, खडूनं रेघ मारली. सगळ्यांत वरची रेघ माझी. सातवीतच पाच फूट एक इंच. घरात मला 'उंट' म्हणायचे, लग्न कसं जमायचं म्हणून आई उपास धरायची, आणि इथं एक शिकलेला माणूस माझ्या उंचीवर खूश होऊन माझ्या रेघेशेजारी खिळ्यानं 'गि' कोरत होता. गिरजाचा 'गि'. माझं डोकं फिरायला आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवसापासून मी रिंगखाली. "गिरजा, हात वर. चेंडू आला की वरच धर. खाली आणायचा न्हाई. खाली आणलास की बुटक्या पोरी हिसकावतील. वरच्या वर टाक." बस्स. इतर मुली पळायच्या, पडायच्या, गुडघे फोडून घ्यायच्या. मी मात्र वेणीला लाल रिबिन बांधून देवळापुढच्या दीपमाळेसारखी उभी. त्या दोन वर्षांत आम्ही तालुका जिंकला, जिल्हा जिंकला. मला वाटायचं, मीच जिंकला. शाळेच्या व्हरांड्यातून मी अशी चालायची, की आता तो व्हरांडा आठवला तरी मान खाली जाते. बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की आईला मुद्दाम विचारायची, "आई, आपण नांदेडला कधी जायचं गं?" म्हणजे पुढच्यानं 'नांदेडला कशाला?' असं विचारावं.

नांदेडला पुढची निवड होती. पाच जिल्ह्यांच्या मुली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी यादी वाचली. आमच्या शाळेच्या तिघींची नावं आली. माझं आलं नाही. मी यादी पुन्हा वाचायला सांगितली. पुन्हाही आलं नाही.

"नांदेडवाल्यांनी आपल्याच पोरी घेतल्या," असं मला कुणीतरी सांगितलं आणि मी ते आनंदानं मानलं. परतीच्या एसटीत सरांनी मला खिडकीची जागा दिली, लोह्याला उतरून पेरू आणून दिला आणि स्वतः पार मागं जाऊन बसले. मला तो मोठा मान वाटला. पुढची चाळीस-पन्नास वर्षं मी लोकांना सांगत होते, "आमचे सर मला खिडकीची जागा द्यायचे." सुनांना सांगितलं. व्याह्यांना सांगितलं. यजमान म्हणायचे, "एवढी मोठी खेळाडू आमच्या घरात पोळ्या लाटून राहिली!" त्यातला टोमणाही मला कळायचा नाही.

त्यानंतर मी एक इंचही वाढले नाही. खेळही सुटला. लग्नामुळे सुटला, असं मी सांगायची.

सर पुन्हा भेटले ते माझी नात ईश्वरी नऊ वर्षांची असताना. थोरल्याची मुलगी. दिवसभर भिंतीवर चेंडू आपटून सुनेचं डोकं उठवायची. कुणी म्हणालं, जुन्या डाळमिलच्या पटांगणात एक म्हातारे सर शिकवतात, फी घेत नाहीत. मी तिला घेऊन गेले आणि दारातच थबकले. सिमेंटचं भलंमोठं पटांगण, त्यावर तेलपाणी लावलेली तूर वाळत घातलेली. चौकोनी चौकोनी वाफे, बायांना फिरून तूर हलवता यावी म्हणून मधे दोन हात रुंदीच्या वाटा. त्या वाटांमधून दहा-पंधरा पोरंपोरी वाकून चेंडू आपटत पळत होती. पलीकडच्या टोकाला खांब. आणि पोत्यावर बसून डोळे मिटून ऐकत असलेले मठपती सर. केस पांढरे, पट्टा एकच उरलेला.

"हावो सर," मी म्हटलं, "हे मैदान हाय का वाळवण?"

डोळे न उघडता म्हणाले, "गिरजा. उंची गेली, आवाज तसाच हाय."

मिलमालकाची अट एकच होती, तुरीवर पाय पडता कामा नये. सरांनी त्याच अटीचा खेळ केला होता. चेंडू वाफ्यात गेला की ज्याचा गेला त्यानं बूट काढायचे, अनवाणी आत जाऊन चेंडू आणायचा, विसकटलेली तूर हातानं सारखी करायची आणि बायांची माफी मागायची. बाया त्यांच्यापेक्षा कडक. कौशल्यामावशी नावाची एक होती, ती फावडं टेकून म्हणायची, "साहेब, परत आलात? मुक्कामच करा की आमच्या तुरीत!" पोरं चेंडू गुडघ्याच्या वर उडू द्यायची नाहीत. खाली बघून पळालं तर पुढची बाई दिसत नाही, म्हणून मान वर. कुणाला रिंगखाली उभं करायची पद्धतच नव्हती. उंच पोर, बुटकं पोर, सगळ्यांनी सगळं करायचं. रिंगमध्ये टाकायची पाळी यायची चार-पाच महिन्यांनी.

"चेंडू बघायचा न्हाई, अव्वा. ऐकायचा," ते ईश्वरीला सांगायचे. पोरींना ते अव्वाच म्हणायचे, कानडीतली आई. "टप् एकसारखा आला की हात तयार. टप् मधे अडखळला की कुठं घाबरलीस ते मला इथं कळतं." खरंच कळायचं. डोळे मिटल्या मिटल्या म्हणायचे, "ईश्वरी, डावीकडं वळताना श्वास का धरतीस?"

उगीच देव करायला नको. सर हट्टी होते. त्यांची पोरं सामने हरायची, सपाटून हरायची, आणि हरल्यावर हे गोळ्या वाटायचे. पालक वैतागायचे. चांगली उंच पोरं दोन वर्षांत दुसरीकडे जायची. पोराची उंची किती असं कुणी विचारलं तर सर उठून नळावर पाणी प्यायला जायचे. मला ते वागणं चमत्कारिक वाटायचं.

आमच्या लातुरात डॉक्टर-इंजिनिअर तयार करायचे क्लास किती आहेत ते मी नव्यानं सांगायला नको. चौकाचौकात गुण मिळवलेल्या पोरांचे फोटो. त्याच चौकात एक दिवस बास्केटबॉलच्या अकॅडमीचा फलक लागला, फोटोंसकट. तिथला डायरेक्टर म्हणजे ट्रॅकसूट घातलेला, गोड बोलणारा तरुण. त्यानं क्लासचीच रीत उचलली होती. फाउंडेशन बॅच, रँकर्स बॅच, दर रविवारी टेस्ट, संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर कोण कितवा. शाळेच्या एका सामन्यात त्यानं ईश्वरीला पाहिलं. अकरा वर्षांची, पाच फूट तीन इंच, वर्गात सगळ्यांत उंच. घरी आला, तिच्या मनगटाचं माप घेतलं, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आजी, ही उंची तुमच्याकडनं आली वाटतं." मी लगेच पदर सावरून ताठ बसले. साठी उलटलेली बाई! त्याला चहाबरोबर बेसनाचे दोन लाडूही दिले. तो म्हणाला, रँकर्स बॅच, फी माफ, बूट-कपडे आमचे, फलकावर फोटो. सून म्हणाली विचार करू. विचार मी जागच्या जागी केला.

ईश्वरीनं विचारलं, "आज्जी, मग तुरीतल्या सरांना काय सांगायचं?"

"मी सांगते," म्हटलं. सांगितलं नाही. चार दिवसांनी सरच घरी आले.

दुपारची वेळ. सायकल फाटकाला टेकवली. सोफ्यावर बसा म्हटलं तरी पायरीवरच बसले. चहा बशीत ओतला आणि प्यायलाच नाही. छातीवरच्या डबीवर हात ठेवून म्हणाले, "गिरजा, नांदेडची यादी आठवती का?"

"न आठवायला काय झालं? नांदेडवाल्यांनी आपल्याच..."

"यादी त्यांनी केली न्हवती. शाळेच्या पोरींची नावं त्यांनी माझ्याकडनं घेतली. तुझं मीच काढलं."

मी चहावर धरत असलेल्या सायीकडे बघितलं.

"सहा महिने तुझी रेघ हलली न्हवती. मी रोज बघायचो. बाकीच्या पोरी वाढून तुझ्या बरोबरीला आल्या. तुला पळता येत न्हवतं, चेंडू आपटता येत न्हवता. मी शिकवलाच न्हवता."

खरं होतं ते. दोन वर्षं जिल्हा गाजवलेल्या या थोर खेळाडूनं चेंडू एकदाही जमिनीवर आपटला नव्हता. पायरीवर बसलेल्या त्या माणसाकडे बघताना मला ते पहिल्यांदा कळलं. आणि कळल्याचा राग आला.

"मग शिकवायचं होतं की तेव्हा!"

"तेव्हा मला शिकवायला येत न्हवतं, अव्वा. जिंकायची घाई होती." बशी जराशी फिरवली. "ते पोरगं वाईट न्हाई. माझ्यासारखंच हाय. ईश्वरीला न्यायची तर ने. फक्त एवढं सांग तिथं, रोज घटकाभर तिला चेंडू खाली आपटू द्या. रिंगखाली उभी करून ठेवू नका. मी सांगितलं तर म्हाताऱ्याचं पोटात दुखतंय म्हणतील. तू आजी हायस. तुझं ऐकतील."

आता त्या वेळच्या गिरजाबाई काय म्हणाल्या ते ऐका. म्हणाल्या, "सर, तिच्या पायाखाली आता लाकडी फरशी येतीय. तुमच्या इथं आपली तूर वाळू द्या."

सरांनी बशी अलगद खाली ठेवली. "साकू," म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले. साय धरलेला तो चहा मी मोरीत ओतला.

निरोप मी सांगणार होते, नाही असं नाही. ईश्वरीला आणायला जायची तेव्हा काचेतून दिसायचं. चकाचक फरशी, भिंतीला आरसे, दहा पोरी पळताहेत आणि माझी नात रिंगखाली, हात वर. तेच कोपर, तीच बोटं. एकदा धीर करून ऑफिसात गेले. गार हवा, मागं कपांची रांग. डायरेक्टर उठून उभा राहिला. "बोला आजी!"

मी म्हटलं, "प्यायचं पाणी कुठंय?"

त्यानं स्वतः आणून दिलं. मी तहान नसताना अख्खा पेला प्यायले आणि बाहेर आले.

तीन वर्षं फलकावर ईश्वरीचा फोटो होता, हात वर केलेला. मी रिक्षावाल्याला त्याच चौकातून घ्यायला सांगायची. तेराव्या वर्षी पोर पाच फूट चारवर थांबली. मला दारामागच्या पेन्सिलीच्या खुणांवरून ते कळत होतं आणि मी त्या दाराकडे बघायचं टाळत होते. रविवारच्या टेस्टमध्ये ती चौथी आली, मग नववी, मग रँकर्समधून फाउंडेशनमध्ये. एकदा म्हणाली, "आज्जी, त्या सगळ्या पळतात. मला पळताना चेंडू कुठं ठेवायचा तेच कळत नाही." तुरीच्या वाफ्यांत मान वर करून पळणारी पोर ती.

चौदा वर्षांखालची निवड नांदेडलाच होती. हट्टानं मीही गेले. तिसऱ्या दिवशी यादी लागली, आता फोनवर लागते. ईश्वरीनं बोट वरखाली फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि फोन माझ्या हातात दिला. डायरेक्टर जवळ आला. वाईट वाटलं होतं त्याला, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "आजी, उंचीनं दगा दिला." परतीच्या एसटीत तिनं खिडकीची जागा घेतली. लोह्याला बस थांबली तेव्हा खाली पेरू विकत होते. मी डोळे मिटून घेतले.

महिन्याभरानं तिला म्हटलं, "चल, तुरीतल्या सरांकडं जाऊ." ती आधी नाही म्हणाली. मग गुपचूप बूट घातले.

मिलमध्ये आता तूर वाळवायचं यंत्र आलं होतं. बाहेर एकच वाफा, मालकाच्या घरच्या डाळीसाठी असावा. पोरं दिसली नाहीत. कौशल्यामावशी होती. तिनं सांगितलं, सरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, दोन महिने झाले. पोरं आता येत नाहीत, सर येतात. सर पोत्यावर होते. डावा हात मांडीवर निजवून ठेवल्यासारखा.

"कोण?" डोळे मिटलेलेच.

ईश्वरी पुढं गेली. कोपऱ्यातला चेंडू घेतला, वाकली आणि वाफ्याच्या कडेनं आपटत निघाली. टप्, टप्, टप् टप्. चौथ्या पावलाला चेंडू तुरीत. तिनं बूट काढले. आत जाऊन चेंडू आणला, तूर सारखी केली, मावशीची माफी मागितली. मावशीनं नेहमीचा टोमणा मारला नाही. पुन्हा निघाली. पुन्हा तुरीत. असं सात-आठ वेळा झालं. सर ऐकत होते.

"ईश्वरी," शेवटी म्हणाले. "श्वास धरतीस अजून."

पोर रडायला लागली. रडत रडत आपटत राहिली. मग सरांनी डोळे उघडले, उजव्या हातानं मला जवळ बोलावलं. खांब शेजारीच होता, शाळेनं मोडीत काढलेला तोच, रंगाचे थरावर थर चढलेला. बोटानं चाचपडलं तर 'गि' लागला. मी आता त्याच्याही खाली दोन बोटं.

"सांगितलंस का तिथं?" सरांनी विचारलं. "मी म्हटलो होतो ते?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही आरोप नव्हता. साधा प्रश्न होता, मीठ आणलंस का, असा.

"सांगितलं होतं, सर," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं न्हाई."

"हाव," ते म्हणाले. "मी बी ऐकलं नसतं." आणि माझ्या हातावर थोपटलं. माझी समजूत घातली त्यांनी. माझी!

ईश्वरी त्यानंतर रोज जायला लागली. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सर पोत्यावर आले नाहीत. ती अजून जाते. मालक काही म्हणत नाही. पुढच्या वर्षी तिथं प्लॉट पडणार म्हणतात. चारला तिचा टप् सुरू झाला की तीन गल्ल्या ओलांडून मला ऐकू येतो. घरचे म्हणतात एवढ्या लांबून येणं शक्य नाही. मला येतो, आणि कुठं अडखळला तेही कळतं.

सरांशी खोटं बोलले त्या दिवशी निघताना मी रिक्षात बसले. ईश्वरी म्हणाली, थोडा वेळ थांबते, तू जा. रिक्षा फाटकाबाहेर वळली आणि मी मागच्या बारीक काचेतून पाहिलं. सर पोत्यावरून उठले होते. पाय ओढत ते खांबापाशी गेले आणि रिंगखाली, जिथं मला उभं करायचे बरोबर तिथं, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. डावा हात लोंबत होता. उजवा त्यांनी वर केला. कोपर ताठ, पंजा उघडा, बोटं फाकलेली. निरोपाचा हात असता तर हलला असता. तो हलला नाही. डाळमिलच्या भिंतीनं झाकेपर्यंत तो तसाच वर होता.

कुणी ओरडलं की माझे हात आपोआप वर जातात, पन्नास वर्षं जातात, परवा बँकेतही गेले. त्या दिवशी मात्र ते मांडीवर पडून राहिले.